गॅरंटीतले बावीस बल्ब

लीलाधर बोरसे यांच्या घरात एकूण बावीस दिवे आहेत, हे त्यांना वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळलं. तोवर त्यांना वाटायचं, असतील सात-आठ. माणूस घर बांधतो, वास्तुशांत करतो, वीस वर्षं त्याच घरात जेवतो-झोपतो, पण दिवे काही मोजत नाही. मोजायची वेळ आणली मे महिन्याच्या लाइटबिलानं. जळगावचा मे म्हणजे काय, हे जळगावच्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. कूलर चोवीस तास चालला होता, पाण्याची मोटर चालली होती, फ्रिज तर बारा महिने चालतोच. तरी बिल हातात आल्यावर लीलाधररावांचा संशय गेला तो थेट दिव्यांवर. कूलरवर संशय घ्यायची त्यांची छाती नव्हती, कारण कूलरपुढे त्यांची बायको कोकिळा बसलेली होती.

लीलाधरराव एका खासगी शाळेत मुख्य लिपिक. त्यामुळे मोजणी रीतसर झाली. वहीत खोलीवार तक्ता निघाला. जिन्यातला दिवा, मोरीतला दिवा, देवघरातला पिवळा बल्ब, माळ्याखालच्या अडगळीतला बल्ब. हा तक्ता घेऊन ते गेले शेजारच्या उखर्डू नानांकडे.

नाना वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. तिथे ते नेमकं काय करायचे हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. गुप्त आहे म्हणायचे. पण जगातली कुठलीही वस्तू कशी तपासायची, हे मात्र न विचारता सांगायचे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तक्ता वाचला आणि खेदानं मान हलवली.

"लीलाधर, तुझ्या घरात चाळीस वॅटच्या ट्यूबा, साठ वॅटचे पिवळे बल्ब! अरे, हे दिवे नाहीत, शेगड्या आहेत. सगळे उतरव आणि नऊ वॅटचे एलईडी लाव. बिल निम्मं झालं नाही तर माझं नाव बदल."

नानांचं नाव आधीच उखर्डू असल्यामुळे ते बदलून मिळालं असतं तर बहुधा त्यांना हवंच होतं. पण लीलाधररावांनी शब्द मनावर घेतला. निर्णय मेमध्ये झाला आणि अंमलबजावणी दिवाळीत. लिपिक माणसाच्या मानानं ही घाईच म्हणायची.

भाऊबिजेला ते धुळ्याला गेले, देवपुरात, बहिणीकडे. ज्योती त्यांची एकुलती एक धाकटी बहीण. तिचे यजमान प्रेमराज हे स्वभावानं मोठे उत्साही. बल्बांचा विषय निघताच त्यांनी ताटावरून उठत सांगितलं, "जळगावात कशाला घेता? आग्रा रोडवर आपल्या ओळखीचे केवलचंद शेठ आहेत. होलसेल भाव देतील." जावयाचा शब्द मोडायचा नसतो. दोघे स्कूटरवर निघाले.

केवलचंद शेठ गादीवर बसून पेपर वाचत होते आणि गल्ल्यावर त्यांचा मुलगा जिनेश होता. जिनेशनं 'अक्षयप्रभा' नावाच्या कंपनीचे बावीस बल्ब काउंटरवर मांडले. सत्तर रुपयाला एक, दोन वर्षांची गॅरंटी. प्रत्येक बल्बच्या मानेवर त्यानं काळ्या मार्करनं तारीख टाकली, तीच खोक्यावर टाकली.

"काका, दोन वर्षांत जेव्हा जाईल तेव्हा आणा. एक प्रश्न विचारणार नाही, बदलून देऊ. फक्त बल्ब फुटलेला नको, त्यात पाणी गेलेलं नको आणि खोकं बरोबर पाहिजे."

लीलाधररावांना हा सौदा फार आवडला. तीस वर्षं त्यांनी शाळेत लोकांना 'मूळ प्रत आणा' म्हणून परत पाठवलं होतं. आपल्याच वंशाचा माणूस भेटल्याचा आनंद त्यांना झाला.

बावीस बल्ब लागले. बसवताना लीलाधरराव स्टुलावरून एकदाच पडले, ते काही फार नाही. घर असं उजळलं की भिंतीवरचे डाग, कोपऱ्यातली जळमटं आणि कोकिळाबाईंनी पडद्यामागे लपवलेला साडीचा नवा बॉक्स, सगळं एकदम दिसू लागलं. नाना येऊन बल्बांखाली हात धरून गेले, उष्णता लागत नाही म्हणून समाधान व्यक्त करून गेले. समोरच्या भिकुबाई म्हणाल्या, डोळ्यांवर येतं बाई. आणि लीलाधररावांच्या आई, ताईबाई, देवघराच्या दारात उभ्या राहून बराच वेळ वर बघत होत्या. लीलाधरराव शाळेत राहून शुद्ध बोलायला लागले होते, पण ताईबाईंची अहिराणी जशीच्या तशी होती.

"हाई लाइट शे का दवाखाना शे?" त्या म्हणाल्या आणि जप करायला अंगणात जाऊन बसल्या.

पुढचं बिल खरोखरच कमी आलं. लीलाधररावांनी ते फ्रिजवर चिकटवलं. कोकिळाबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "अहो, आता थंडी आहे. कूलर बंद नाही का?" या प्रश्नाकडे दुर्लक्ष करण्यात आलं.

एकोणिसाव्या दिवशी पोर्चमधला बल्ब गेला.

आता कोणीही शहाणा माणूस कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरा बल्ब आणेल. पण गॅरंटी होती ना! हातात हक्क असताना खिशातून पैसे काढायचे म्हणजे स्वतःचाच अपमान. बल्ब प्रेमराजकडे पाठवून द्यावा म्हटलं, तर जावयाला काम सांगायचं नसतं. रविवारी सकाळी लीलाधरराव बल्ब रुमालात गुंडाळून एसटीत बसले. एरंडोल, पारोळा करत धुळ्याला उतरले, रिक्षा करून आग्रा रोडला पोचले. जिनेशनं बल्ब हातात घेतला, मानेवरची तारीख बघितली आणि नम्रपणे विचारलं, "खोकं?"

खोकं जळगावला होतं. जिनेश हळहळला, पण नियम तो नियम. केवलचंद शेठनी चहा मागवला. मूळ प्रत न आणलेला पालक कसा दिसत असेल, हे लीलाधररावांना त्या दिवशी पहिल्यांदा आतून समजलं. पुढच्या रविवारी ते खोकं घेऊन पुन्हा गेले आणि नवा बल्ब घेऊन आले.

"सत्तर रुपयांच्या बल्बासाठी तुम्ही एसटीला सहाशे रुपये दिले?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"प्रश्न पैशाचा नाही. तत्त्वाचा आहे."

"मग तत्त्वाचं बिल वेगळं येतं का?"

रात्री वरणात मीठ कमी होतं, तरी लीलाधररावांनी ते दोनदा मागून घेतलं.

पंधरा दिवसांत जिन्यातला गेला. मग स्वयंपाकघरातला. माल खराब निघाला म्हणावं, तर निवड आपली, ओळख जावयाची. लीलाधररावांनी भूमिका घेतली की माल उत्तमच आहे, आपल्या लाइनीत दोष आहे. वायरमन आला, त्यानं लाइनीत दोष नाही असं सांगितलं आणि त्याचे दोनशे रुपये घेऊन गेला. मग एकदा ओळखीच्या कंडक्टरबरोबर बल्ब पाठवून पाहिला. खानदेशात लोक डबे, औषधं, लग्नाच्या पत्रिका, सगळं कंडक्टरकडे देतात आणि सगळं बिनबोभाट पोचतं. बल्ब मात्र पारोळ्याच्या अलीकडे एका पोत्याखाली सापडून फुटला. फुटलेला बल्ब बदलून मिळत नाही. तो एक कायमचा बुडाला. लीलाधररावांनी वहीत त्याच्यापुढे लाल शाईनं फुली मारली.

अशा वेळी नाना पुन्हा धावून आले.

"लीलाधर, तुझी माय पंचाहत्तरीच्या वर आहे ना? मग तिला एसटी फुकट आहे! बल्ब तिच्याबरोबर पाठव. जायला शून्य, यायला शून्य."

लीलाधररावांना हे ऐकून लाजही वाटली आणि ते खरं आहे हेही दिसलं. एवढ्या म्हाताऱ्या बाईला बल्बासाठी धुळ्याला पाठवायचं? पण ताईबाई चांगल्या खुटखुटीत होत्या. रोज पहाटे उठून अंगण झाडायच्या, चष्म्याशिवाय गहू निवडायच्या. शिवाय स्टँडवर उतरवून घ्यायला प्रेमराज होतेच. सासूबाईंना घ्यायला येणं हे काम नव्हे, तो मान झाला.

खरी अडचण दुसरीच होती. ताईबाई लेकीकडे जात नसत. जुन्या वळणाची बाई. लेकीच्या घरी लग्नकार्याला जायचं, बाळंतपणाला जायचं, नाही तर नाही. लेकीच्या घरचं अन्न उगीच खायचं नाही. ज्योती दर दिवाळीत रडून बोलवायची आणि ताईबाई दर दिवाळीत एकच सांगायच्या.

"अंडेरना घर बिनकामनं कोन जास? लोके म्हनतीन, आंडोर मायले खाऊ घालस नही, म्हनीसन अंडेरकडे येल शे."

अंडेर म्हणजे मुलगी, आंडोर म्हणजे मुलगा. त्या आंडोराचं नाव खराब होऊ नये म्हणून आठ वर्षं त्यांनी लेकीचा उंबरा ओलांडला नव्हता. लीलाधररावांनी भीत भीत बल्बाचा विषय काढला. गॅरंटी समजावून सांगितली, खोकं दाखवलं. ताईबाईंनी बल्ब हातात घेऊन फिरवला.

"म्हंजे हाई काम शे ना?"

"कामच आहे, माय."

"मंग जासू," त्या म्हणाल्या आणि ट्रंकेतून चांगलं लुगडं काढायला गेल्या.

पण एसटीच्या फुकट प्रवासाला आधारकार्ड लागतं, आणि आधारकार्डावर ताईबाईंचं वय होतं सदुसष्ट. कार्ड काढताना कोणीतरी अंदाजानं एक जानेवारी एकोणीसशे अठ्ठावन्न टाकून दिलं होतं. लीलाधररावांचा स्वतःचा जन्म अडुसष्टचा. म्हणजे सरकारी कागदाप्रमाणे आईनं त्यांना दहाव्या वर्षी जन्म दिला होता. आधार केंद्रात त्यांनी हा मुद्दा मांडला, तर खिडकीतली मुलगी म्हणाली, "काका, मग तुमचीच तारीख चुकली असेल."

"अहो, मी मुख्य लिपिक आहे! माझी तारीख चुकेल कशी?"

"जन्माचा पुरावा आणा."

धरणगावजवळच्या एका खेड्यात ताईबाईंचं माहेर. तिथल्या शाळेत त्या दोन वर्षं गेल्या होत्या म्हणे. लीलाधररावांनी रजा टाकली. शाळेत पोचले तर तिथला लिपिक सुटीवर. दुसऱ्यांदा गेले तर कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला. तिसऱ्या खेपेला जुनं रजिस्टर निघालं. पानांना कसर लागलेली, पण नाव सापडलं, जन्म एकोणीसशे अठ्ठेचाळीस. तिथला लिपिक म्हणाला, "दाखला देतो, पण अर्ज विहित नमुन्यात पाहिजे." लीलाधररावांनी मान डोलावली. तीस वर्षांत आपण हे वाक्य किती जणांना म्हटलं, याचा त्यांनी हिशोब करायला घेतला आणि अर्ध्यातच सोडून दिला.

नवं कार्ड आलं तेव्हा कोकिळाबाई म्हणाल्या, "लोक वय कमी करून घेतात, तुम्ही आईचं दहा वर्षांनी वाढवून आणलंत." ताईबाईंना काही फरक पडला नाही. "कागदवर कायबी राहो, मनं वय मना जोडे शे," त्या म्हणाल्या. कागद काहीही म्हणो, वय त्यांनी स्वतःपाशीच ठेवलं होतं.

आणि मग ताईबाईंची एसटी सुरू झाली.

महिन्या-दीड महिन्यानं एखादा बल्ब जायचा. आठची गाडी पकडून त्या निघायच्या, पिशवीत खोकं, खोक्यात बल्ब, बल्बाभोवती जुनं फडकं. संध्याकाळच्या गाडीनं नवा बल्ब घेऊन परत. जिनेश त्यांना बसायला खुर्ची देतो, केवलचंद शेठ पाया पडतात, हे सगळं त्या येऊन सांगायच्या. बाकी फार बोलायच्या नाहीत. "पोर बरी शे," एवढंच. हळूहळू कॉलनीतही बातमी पसरली. भिकुबाईंनी मिक्सरचं भांडं दिलं, धुळ्यातच दुरुस्त होतं म्हणून. नानांनी त्यांच्या भाच्याकरता एक लखोटा दिला, तोही गुप्त. ताईबाई कोणालाही नाही म्हणाल्या नाहीत. कामं जितकी जास्त तितकी त्यांची पाठ ताठ व्हायची.

लीलाधरराव खूश होते. वहीत 'प्रवास खर्च'च्या रकान्यात शून्य लिहिताना त्यांचा हात हलकाच चालायचा. असं वर्षभर सुरळीत चाललं.

मग जामनेरला लग्न निघालं. भावकीतलंच. मांडवात पंगत बसली होती, आणि लीलाधररावांच्या समोर बसले होते त्यांचे चुलतकाका, वना आबा. आबांचं वय ऐंशी, आवाज चाळिशीतला. वांग्याच्या भाजीचा पहिला घास घेतला आणि त्यांनी पंगतभर ऐकू जाईल असं विचारलं.

"का रे लीलाधर, ऐकलं ते खरं शे का? सत्तर रुपड्याच्या बल्बासाठी तू मायला एसटीत धाडतोस?"

पंगत थांबली. वाढपीसुद्धा थांबले.

"आबा, तसं नाही... गॅरंटी आहे..."

"माय गॅरंटीत शे का बल्ब?" आबा म्हणाले. "तुझ्या बापानं तिला बाजारातून पिशवी उचलू दिली नाही कधी. आणि तू? एवढं शिकून हेच केलं?"

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही. बायकांच्या पंगतीत ताईबाई होत्या, पण त्या लांब होत्या आणि त्यांना ऐकू गेलं नसावं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. उठताना त्यांनी आबांच्या पायांवर हात ठेवून सगळ्यांदेखत कबूल केलं, "चुकलं आबा. आता नाही पाठवणार."

घरी आल्यावर त्यांनी वही बंद केली. अडगळीतला जो बल्ब नुकताच गेला होता त्याच्या जागी कोपऱ्यावरच्या दुकानातून रोखीनं बल्ब आणला. "माय, आता धुळ्याला जायचं नाही. तुझं वय झालं," ते म्हणाले. ताईबाई "बरं" म्हणाल्या आणि पिशवी घडी करून खुंटीला अडकवली.

त्यानंतर एक चमत्कार झाला, की बल्ब जायचे बंदच झाले. पावसाळा गेला, गणपती गेले, नवरात्र आलं. अक्षयप्रभेचे वीस बल्ब तेवत होते, बिल कमी येत होतं. खरं तर लीलाधररावांनी कॉलनीत पेढे वाटावेत अशी परिस्थिती. पण घरात काहीतरी बिघडलं होतं. ताईबाई अंगण झाडेनाशा झाल्या. ओट्यावर बसायच्या ते बसूनच राहायच्या. जेवायला बोलावलं की अर्धी भाकरी खाऊन उठायच्या. डॉक्टरांनी तपासलं, बीपी नाही, शुगर नाही, म्हणाले वय आहे. लीलाधररावांनी टॉनिक आणलं. ताईबाईंनी ते तुळशीला घातलं.

एका दुपारी ज्योतीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि तिनं विचारलं.

"भाऊ, आईला का बंद केलं?"

"अगं, लोक नावं ठेवायला लागले. वना आबा सगळ्यांदेखत..."

"माहीत आहे मला. भाऊ, तुला एक सांगू? पहिल्या खेपेला आई आली तेव्हा माझ्या घरचं पाणीसुद्धा प्यायली नाही. बल्ब बदलायला आलीय म्हणाली, आणि उंबऱ्याशी पिशवी घेऊन बसली. तिसऱ्या खेपेला चहा घेतला. पाचव्या खेपेला जेवली. मग तर आल्या आल्या लुगडं खोचून चुलीशी... गॅसपाशी बसायची, मला बाजूला सारून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायची. माझ्या डोक्याला तेल लावायची. पोरं पुण्याला, हे दिवसभर बाहेर. महिन्यातून एक दिवस घरात कोणीतरी माझ्याशी आपल्या बोलीत बोलायचं रे. तो बंद झाला."

लीलाधररावांनी फोन ठेवला. आपण किती मूर्ख आहोत, हे माणसाला अधूनमधून कळत असतं, पण इतकं स्वच्छ क्वचितच कळतं. त्यांना आईचं वाईट वाटलं, ज्योतीचं वाटलं आणि वर्षभर वहीत शून्य लिहून खूश होणाऱ्या स्वतःची लाज वाटली. ते ओट्यावर गेले.

"माय, ज्योतीकडे जाऊन ये ना चार दिवस. सहज."

"सहज?" ताईबाई म्हणाल्या. "सहज जावाले मी काय पाव्हनी शे का? काम काय शे?"

काम काही नव्हतं. बल्ब सगळे धडधाकट होते. आणि दिवाळीला गॅरंटी संपत होती. हातात जेमतेम चार आठवडे होते.

त्या रविवारी लीलाधररावांनी अडगळीच्या खोलीत स्वयंपाकघरातला बल्ब उतरवून लावला आणि दार लोटून त्याला मारायला सुरुवात केली. फोडायचा नव्हता, भिजवायचा नव्हता. नियम तो नियम. त्यांनी आधी बटण भराभर चालू-बंद केलं. दोनशेपर्यंत मोजलं. अंगठा दुखायला लागला, बल्ब लखलखत होता. मग काढून हलवला, कानाशी धरला, पुन्हा लावला. लखलखत होता. दारात कोकिळाबाई येऊन उभ्या होत्या.

"काय चाललंय?"

"तपासणी."

"दोन वर्षं जातात म्हणून रडत होतात. आता जात नाही म्हणून रडताय?"

संध्याकाळी नानांकडे जाऊन लीलाधररावांनी आडवळणानं विचारलं, "नाना, समजा, एखादा बल्ब न फुटता, न भिजता... कसा जातो?" नानांना प्रश्नात काही वावगं वाटलं नाही. तपासणीचा प्रश्न होता. "उष्णतेनं," ते म्हणाले. "वरून डबा घाल, हवा बंद कर आणि पेटता ठेव. दोन दिवसांत खलास."

लीलाधररावांनी पीठ ठेवायचा रिकामा डबा बल्बावर सुतळीनं बांधला आणि दोन दिवस, दोन रात्री दिवा जळत ठेवला. वीज वाचवायला आणलेला बल्ब, तो डब्याच्या आत उजेड पाडत होता आणि मीटर फिरत होतं. तिसऱ्या दिवशी डबा काढला. डबा गरम झाला होता. बल्बाला काहीही झालं नव्हतं. पोर्चमध्ये मोकळ्या हवेत एकोणीस दिवसांत मान टाकणारी ही जात, आणि आता मरणाला तयार नाही! लीलाधरराव स्टुलावर बसले. त्यांना खूप थकल्यासारखं वाटलं. दोन वर्षांत या बल्बांनी त्यांना एवढं दमवलं नव्हतं.

शेवटी त्यांनी बल्ब तसाच काढला, पुसला, खोक्यात घातला आणि सकाळी ओट्यावर जाऊन आईपुढे ठेवला.

"माय, स्वयंपाकघरातला गेला."

ताईबाईंनी मान वर केली. "आते? ईतला दिवसमा एक बी गया नही."

"आता गेला. बदलून आणावा लागेल. गॅरंटी संपत आलीय."

"आनि वना आबा?"

"आबांना मी बघतो."

ताईबाई उठल्या. त्यांनी खोकं उघडलं, बल्ब बाहेर काढला आणि दाराशी जो होल्डर होता त्यातला दिवा काढून हा बल्ब त्यात फिरवला. "माय, कशाला..." लीलाधरराव म्हणेपर्यंत ताईबाईंनी बटण दाबलं होतं.

ओटा उजळून निघाला. सकाळच्या उन्हातसुद्धा बल्ब स्पष्ट पेटलेला दिसत होता. ताईबाई त्याच्याकडे बघत राहिल्या, मग लेकाकडे बघितलं. लीलाधरराव तुळशीकडे बघत होते. ताईबाईंनी बटण बंद केलं, बल्ब उतरवला, फडक्यात गुंडाळला आणि खोक्यात घातला.

"गया शे," त्या म्हणाल्या. "बदलीसन आननं पडी."

आणि आत जाऊन त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली.

लीलाधरराव स्वतः स्टँडवर सोडायला गेले. नाना फाटकाशी उभे होते, त्यांनी विचारलं, "काय, ताईबाई, पुन्हा?" आणि लीलाधरराव मोठ्यानं म्हणाले, "हो, मीच पाठवतोय." गाडी लागलेली होती. कंडक्टरनं ताईबाईंचं आधारकार्ड बघितलं, मग त्यांचं वय बघितलं, मग लीलाधररावांकडे बघितलं.

"एवढ्या म्हाताऱ्या बाईला एकटं पाठवता? काय काम आहे एवढं?"

"बल्ब बदलायचाय," लीलाधरराव म्हणाले. "सत्तर रुपयांचा."

कंडक्टरच्या नजरेत जे होतं ते जामनेरच्या पंगतीत होतं त्यापेक्षा कमी नव्हतं. लीलाधररावांनी ते सगळं निमूट घेतलं, आईला खिडकीची जागा मिळवून दिली आणि खाली उतरून खिडकीखाली उभे राहिले. गाडी सुरू झाली तशी ताईबाईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरून बाहेर डोकावून विचारलं.

"लीलाधर, दिवाईलगून आजून एखाद-दोन जातीन ना रे?"

दोन वर्षं ज्यांनी कोणालाही हे कबूल केलं नव्हतं, ते लीलाधरराव गाडीबरोबर चार पावलं चालत म्हणाले, "जातील, माय, दिवाळीपर्यंत जातील. माल फारच खराब निघाला."